हसऱ्या माणसाचे स्मरण

मराठी घरात माणूस गेल्यानंतर त्याच्या स्मरणाची जी व्यवस्था परंपरेने लावून दिलेली आहे, ती मृताला सद्गती मिळावी आणि मागे राहिलेल्यांना धीर यावा या दोन हेतूंभोवती उभी आहे. गेलेला माणूस नेमका कसा होता, हा प्रश्न त्या व्यवस्थेत फारसा विचारला जात नाही. या उणिवेचा फटका सर्वांत जास्त बसतो तो घरातील हसऱ्या, थट्टेखोर, हौशी माणसाला. कर्तबगार माणसाची पदे सांगता येतात, दानशूराच्या देणग्या मोजता येतात, कष्टाळू माणसाने बांधलेले घर दाखवता येते. परंतु लग्नघरात सगळ्या मांडवाला हसवणारा मामा, पत्त्यांच्या डावात उघडउघड लबाडी करून वर तोंडाने भांडणारी आजी, किंवा कोणाचीही नक्कल जागच्या जागी उतरवणारा काका गेला, की त्याच्या नावावर नोंदवण्याजोगे काहीच उरलेले नसते. जे होते ते त्या त्या क्षणी होऊन गेलेले असते. अशा माणसाचे स्मरण कसे करावे, याचा विचार धर्मशास्त्राने थोडा, मानववंशशास्त्राने आणि मानसशास्त्राने थोडा अधिक, आणि मराठी आत्मचरित्रकारांनी, त्यातही स्त्रियांनी, सर्वांत नेमकेपणाने केलेला आहे.

श्राद्धविधीत मृताचा उल्लेख होतो तो नाव, गोत्र आणि रूप या तीन खुणांनी. रूप म्हणजे चेहरामोहरा नव्हे. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप आणि प्रपितामह आदित्यरूप मानून त्यांना पिंड व तर्पण दिले जाते. मृत्यूनंतर सामान्यतः बाराव्या दिवशी होणाऱ्या सपिंडीकरणात मृताचा पिंड त्याच्या पूर्वजांच्या पिंडांत मिसळला जातो, म्हणजे ‘प्रेत’ या अवस्थेतून तो ‘पितर’ या समूहात दाखल होतो आणि पुढे भाद्रपदाच्या वद्य पक्षात, पितृपक्षात, त्याचे स्मरण त्या समूहाचा एक घटक म्हणून होते. जुन्या पिढ्या वर सरकत जातात आणि तिसऱ्या पिढीपलीकडील नाव बहुतेक घरांत कोणाला सांगताही येत नाही. हा विधीचा दोष मानण्याचे कारण नाही, कारण व्यक्तीला तिच्या व्यक्तिविशेषांतून सोडवून कुळाच्या परंपरेत विलीन करणे हाच त्याचा हेतू आहे. मात्र त्यामुळे पणजोबा विनोदी होते की तिरसट, हे विधीच्या दृष्टीने अप्रस्तुत ठरते.

याला एक लक्षणीय अपवाद आहे, तो दहाव्या दिवसाचा. नदीकाठी ठेवलेल्या पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबण्याच्या प्रथेत मृताची एखादी इच्छा मागे राहिली असावी अशी समजूत असते, आणि कावळा यायला उशीर लागला की जमलेली मंडळी त्या इच्छेचा शोध घेऊ लागतात. धाकट्या मुलीच्या लग्नाची काळजी घेऊ, घराची वाटणी समजुतीने करू, अशी आश्वासने दिली जातात, आणि तेही चालले नाही तर मृताला आवडणारा पदार्थ, विडा, तंबाखूची चिमूट, क्वचित त्याहून कडक काहीतरी पिंडाजवळ ठेवले जाते. शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिवण्याची सोय शास्त्रात आहेच. एरवी गंभीर असलेल्या या विधीत माणसाच्या आवडीनिवडी, खोडी आणि हट्ट एवढ्याच एका फटीतून आत येतात, आणि ज्या घरातील माणूस गमत्या होता त्या घरची मंडळी घाटावर उभी राहून दबक्या आवाजात हसताना दिसतात, याचे कारणही हेच असावे.

सर्व समाजांत ही रीत एकच नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दशक्रियेच्या वेळी प्रवचन ठेवण्याचा प्रघात आहे आणि प्रवचनकार संतवचनांच्या ओघात मृताविषयीही चार शब्द बोलतो. बौद्ध कुटुंबांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आप्तेष्ट उभे राहून आठवणी सांगतात. जिथे बोलण्याला जागा आहे तिथे हसऱ्या माणसाला न्याय मिळण्याची शक्यता वाढते, कारण विधी मंत्रांचा असतो तोवर तो सर्वांसाठी सारखाच राहतो, आणि माणसे बोलू लागली की कोणीतरी, पहिल्यांदा अवघडत, एखादा किस्सा सांगतेच.

बोलण्याची ही संधी आधुनिक काळात वर्तमानपत्रातील निधनवार्ता, प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिराती आणि चौकातील फलक यांनी वाढवायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांनी ती आखडली. जागेचे पैसे मोजावे लागत असल्याने मजकूर ठरावीक साच्यात बसतो आणि प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख ही तीन विशेषणे जवळजवळ प्रत्येक मृताच्या वाट्याला येतात, जिवंतपणी ज्याला कोणी हसताना पाहिले नाही त्याच्याही. सोबतचे छायाचित्र तर बहुधा ओळखपत्रासाठी काढलेलेच असते, म्हणजे छायाचित्रकाराने ‘हलू नका, हसू नका’ असे बजावून टिपलेले. आयुष्यभर ज्याने घराला हसवले तो माणूस चंदनाच्या हाराआडून वर्षानुवर्षे करारी मुद्रेने पाहत राहतो, आणि ज्यांनी त्याला पाहिलेले नाही ती नातवंडे त्याला कडक शिस्तीचा समजू लागतात. स्मरणातील विकृती अशा क्षुल्लक वाटणाऱ्या निवडींतून सुरू होते.

घरातील कोणाला हसण्याखेळण्याचा अधिकार मिळतो, हेही केवळ स्वभावावर ठरत नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात ‘थट्टेचे नाते’ ही संकल्पना मांडली. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची चेष्टा करावी आणि दुसऱ्याने ती मनाला लावून घेऊ नये, असा समाजानेच घालून दिलेला संकेत असतो. याउलट काही नात्यांत अदब आणि अंतर अपेक्षित असते. ज्या दोन कुळांत नव्याने सोयरीक झालेली असते त्यांच्यात हितसंबंध जुळलेले आणि विरोधीही असतात, आणि थट्टा हा त्या विरोधाला भांडणाचे रूप येऊ न देण्याचा एक मार्ग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आजोबा आणि नातवंडे यांच्यातील मोकळेपणाही त्यांनी याच चौकटीत पाहिला, कारण वळण लावण्याची जबाबदारी मधल्या पिढीवर पडलेली असल्याने तिच्या दोन्ही बाजूंच्या पिढ्या एकमेकींशी सैल वागू शकतात.

मराठी कुटुंबात ही मांडणी सहज पडताळता येते. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि त्याबद्दल मानाचा पोशाख घेतो, विहिणींच्या पंगतीत एकमेकींना टोमणे मारणारी गाणी म्हटली जातात, नाव घेण्याच्या निमित्ताने उखाण्यांतून सासरच्यांना चिमटे काढले जातात, आणि मेहुणा-मेहुणी किंवा दीर-भावजय यांच्यातील चेष्टामस्करीला तर वर्षभर मुभा असते. सासरा आणि सून किंवा जुन्या काळातील वडील आणि मुलगा यांच्यात असे चालत नसे. घरातील सर्वांत लाडका आणि गमत्या माणूस म्हणून आठवला जाणारा नातलग बहुतेक वेळा मामा, मावशी, आत्या, आजी किंवा अविवाहित राहिलेला काका असतो आणि वडील क्वचितच असतात, याचा उलगडा इथे होतो. वडिलांच्या ठिकाणी विनोद नव्हता असे नाही. तो त्यांनी बहुधा त्यांच्या बहिणीच्या मुलांसाठी राखून ठेवलेला असे. एकाच माणसाविषयी त्याची मुले आणि त्याची भाचरे दोन निरनिराळ्या माणसांविषयी बोलावे तसे बोलतात, ते यामुळेच; आणि स्मरणलेख लिहिणाऱ्याने फक्त मुलांना विचारून लेख पुरा केला, तर अर्धा माणूस बाहेर राहतो.

हसणे आणि शोक एकत्र नांदू शकतात का, याविषयी भारतीय काव्यशास्त्राचे उत्तर प्रथमदर्शनी नकारार्थी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत, म्हणजे ओठांच्या हलक्या हालचालीपासून डोळ्यांत पाणी येईपर्यंतच्या खदखदण्यापर्यंतची चढती श्रेणी त्यात आहे. परंतु उत्तरकालीन साहित्यशास्त्रज्ञांनी हास्य आणि करुण हे रस परस्परविरोधी मानले आणि एकाच प्रसंगात त्यांना शेजारी बसवल्यास रसभंग होतो असे बजावले. रंगभूमीवरील रसाच्या परिपोषासाठी हा नियम योग्यही असेल. घरातील ओसरी मात्र त्याला जुमानत नाही; तेराव्याच्या गोडाच्या जेवणानंतर पाने आवरली गेली की जमलेल्या नातेवाइकांत जे बोलणे सुरू होते, त्यात रडणे आणि हसणे यांची सरमिसळ इतकी झालेली असते की डोळ्यांतील पाणी नेमके कशाचे आहे हे सांगता येऊ नये.

मानसशास्त्राने या सरमिसळीची दखल उशिरा घेतली. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सिग्मंड फ्रॉइड यांनी शोकाचे कार्य म्हणजे गेलेल्या व्यक्तीतून मनाची गुंतवणूक हळूहळू सोडवून घेणे, अशी कल्पना मांडली आणि तिचा प्रभाव अनेक दशके टिकला. १९९६ साली डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने उलट बाजू पुढे आणली, ती अशी की मृताशी असलेले नाते तोडणे ही निरोगी शोकाची अट नाही, ते नाते रूप बदलून चालू राहू शकते. पुढच्याच वर्षी डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात सुमारे सहा महिन्यांपूर्वी जोडीदार गमावलेल्या स्त्रीपुरुषांना त्या जोडीदाराविषयी बोलते केले गेले आणि त्यांच्या चेहऱ्यांवरील हालचाली बारकाईने नोंदवल्या गेल्या. हसताना केवळ ओठ हलतात की डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकुंचन पावतात यावरून खरे हसू ओळखता येते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चिकित्सक द्यूशेन यांनी दाखवून दिली होती. मृत जोडीदाराविषयी बोलताना ज्यांना असे खरे हसू आले, त्यांच्या मनातील क्लेश तुलनेने कमी आणि इतरांशी असलेले संबंध अधिक चांगले आढळले. हसल्यामुळे दुःख हलके झाले की दुःख हलके झालेल्यांनाच हसू आले, हे अशा एका अभ्यासावरून ठरत नाही. पण शोकाच्या बैठकीत हसणे म्हणजे गेलेल्याचा अनादर, हा समज त्यामुळे नक्कीच डळमळीत होतो.

लिखित मराठीत हा समज बराच काळ घट्ट होता. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात रमाबाई रानडे यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याविषयी जे लिहिले, त्यात भक्ती आणि कृतज्ञता हे भाव प्रधान आहेत आणि पतीकडे पाहण्याची नजर शिष्येची आहे. त्यानंतर पाव शतकाने आलेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने मृत आप्ताच्या स्मरणाचा जो साचा घडवला तो आजतागायत मोडलेला नाही: गेलेली व्यक्ती म्हणजे संस्कार देणारी, सोसणारी आणि प्रत्येक प्रसंगातून काहीतरी शिकवणारी. तो साचा त्या पुस्तकाला शोभतो, कारण त्यामागे १९१७ साली वारलेल्या आईसाठी तुरुंगात बसून लिहिणाऱ्या मुलाची आच आहे. परंतु त्याच्या अनुकरणात लिहिल्या गेलेल्या असंख्य स्मरणलेखांत सगळ्या आया एकसारख्या दिसू लागल्या आणि ज्यांची आई खट्याळ होती त्यांची मोठी पंचाईत झाली. याच पुस्तकावर १९५३ साली चित्रपट काढला तो आचार्य अत्रे यांनी, ज्यांच्या विनोदाने सभा हशाने दणाणून जात असत. आणि त्या हशामागचे वडील कसे होते हे पुढे त्यांची कन्या शिरीष पै यांनी ‘वडिलांचे सेवेसी’ या पुस्तकात लिहिले.

साच्याबाहेरचे सर्वश्रेष्ठ उदाहरण मात्र लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे आहे. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते, लिहावाचायला त्या लग्नानंतर शिकल्या, आणि १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन मराठी गद्यातील एक शिखर मानले जाते. टिळकांना मराठी वाचक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतो; ‘अभंगांजली’ आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या नावावर आहे. पुस्तकातून दिसणारे टिळक मात्र उत्साहाच्या भरात वाहून जाणारे, क्षणात संतापणारे आणि क्षणात निवळणारे, हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळे होणारे, आणि मनात येईल तेव्हा कोणालाही न सांगता घर सोडून निघून जाणारे गृहस्थ आहेत. असा माणूस मित्रांच्या मेळ्यात अतिशय लोभस वाटतो. ज्या घरात त्याची बायको चूल पेटवण्याच्या विवंचनेत असते, त्या घरातून तो कसा दिसतो हे लक्ष्मीबाईंनी दाखवले, आणि तक्रारीचा सूर न लावता दाखवले.

त्यांच्या विनोदाची घडण समजून घेण्यासारखी आहे. १८५७च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागले की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात येईना. लेकरांचे हाल करणारे हे बालपण लक्ष्मीबाई अशा सपाट, सरळ वाक्यांत सांगतात की वाचणारा आधी हसतो आणि मग त्याच्या लक्षात येते की हसण्यासारखे यात काहीच नव्हते. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पतिपत्नींची ताटातूट झाली, लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाईंना नातेवाइकांच्या आश्रयाने राहावे लागले, आणि पुढे त्या पतीकडे परतून १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. एवढ्या उलथापालथीची हकिकत सांगताना त्या पतीला देवत्व देत नाहीत, आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करत नाहीत, आणि स्वतःच्या फजितीवर हसताना तर हातचे काहीच राखत नाहीत. परिणामी टिळक वाचकाला आवडतात ते त्यांच्या दोषांसकट. स्मरणलेखात दोष गाळले की माणसाचा हसरेपणाही फिका पडतो, कारण घरातील बहुतेक विनोद त्याच्या दोषांतूनच जन्मलेले असतात. जो कधी काही विसरला नाही, चुकला नाही, उधळला नाही, त्याच्याविषयी सांगणार तरी काय?

याच पुस्तकात रक्ताचे नाते नसलेला एक लाडका मुलगा वावरतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले होते आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली तेव्हा ठोमरे जेमतेम सतरा वर्षांचे होते. शाळेच्या पुस्तकातून भेटणारे बालकवी निसर्गात हरवलेले, काहीसे उदास असतात; ‘स्मृतिचित्रे’त भेटतात ते रुसणारे, फुगणारे, लाड करून घेणारे, मोठ्यांच्या घरात धाकट्याचे सगळे हक्क वसूल करणारे. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली येथे रेल्वेखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर जेमतेम वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. लक्ष्मीबाईंनी हे सारे लिहिले ते त्यानंतर दीड दशकाने. एवढ्या अंतराने लिहिताना दुःखाची धार बोथट होते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती शाबूत आहे आणि तिच्या शेजारी हसूही शाबूत आहे. काव्यशास्त्राने ज्या दोन रसांना एकत्र बसू दिले नव्हते, त्यांना अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या या लेखिकेने एका पाटावर बसवले.

हसऱ्या माणसाकडे घराच्या आतून पाहण्याचा दुसरा मोठा प्रयत्न सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा. पु. ल. देशपांडे हे तोवर केवळ एक लेखक राहिले नव्हते. ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते अशा लाखो मराठी माणसांना ते घरातलेच, आपल्या हक्काचे गमते आप्त वाटत होते. अशा माणसाच्या पत्नीने त्याच्या हयातीतच त्याचे मुलासारखे आत्ममग्न असणे, संसारातील खाचखळग्यांकडे न पाहणे आणि त्यापायी स्वतःच्या वाट्याला आलेली झीज परखडपणे लिहिली, तेव्हा बरीच चर्चा झाली आणि काही वाचक दुखावलेही. ते दुखावणे समजण्यासारखे असले तरी योग्य नव्हते. जो माणूस दहा जणांच्या बैठकीत रंग भरतो, त्याच्या वेळेवरच्या जेवणाची, पत्रव्यवहाराची, पैशाच्या हिशेबाची आणि नकार देण्याची अप्रिय जबाबदारी कोणीतरी उचललेली असते, आणि ते कोणीतरी बहुधा घरातील स्त्री असते. तिच्या कडक वागण्याच्या आधाराशिवाय त्याचे मोकळेपण उभे राहत नाही. मामांचे विनोद सांगताना मामींनी केलेल्या चहाचा उल्लेख गाळणारे स्मरण म्हणूनच अर्धवट ठरते.

स्वतः पु. लं.नी आप्तस्नेह्यांचे स्मरण ज्या वाङ्मयप्रकारात केले त्याला व्यक्तिचित्र म्हणतात, म्हणजे एखाद्या माणसाच्या आयुष्याचा क्रमवार वृत्तान्त न देता त्याच्या बोलण्याचालण्यातील निवडक तपशिलांतून त्याला वाचकासमोर उभा करणारे लेखन. १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ‘व्यक्ति आणि वल्ली’तील माणसे कल्पनेतून घडलेली आहेत, तर ‘गणगोत’मधील माणसे प्रत्यक्षातली. त्यात ‘आर्यांच्या सणांचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास’ लिहिणारे त्यांचे आजोबा ऋग्वेदी आहेत आणि बेळगावचे रावसाहेबही आहेत, ज्यांचे कानडी वळणाचे मराठी आणि मुक्तपणे पेरलेल्या शिव्या पु. लं.नी बऱ्याच अंशी जशाच्या तशा ठेवल्या. शिष्टाचार म्हणून त्या शिव्या गाळल्या असत्या, तर मागे एक दिलदार, संगीतप्रेमी गृहस्थ उरला असता, आणि तसे गृहस्थ बेळगावात आणखीही होते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. हसऱ्या माणसाचा विनोद त्याच्या नेमक्या शब्दांत, त्याच्या बोलीत आणि प्रसंगाच्या संदर्भात असतो. ‘ते फार विनोदी होते’ हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी असते. कोणत्या गावातील कोणत्या लग्नात, कोणाला उद्देशून, कशावरून ते बोलले आणि ऐकणाऱ्याने काय केले, एवढे सांगितले तरच तो विनोद पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो, आणि तेवढे करूनही काही विनोद पोहोचत नाहीत, कारण ज्याची थट्टा केली तो माणूस, ती वस्तू किंवा ती रीतच नाहीशी झालेली असते. पाटावरवंट्यावरचा शेरा मिक्सरच्या पिढीला समजावून सांगावा लागतो आणि समजावलेला विनोद बहुधा मरतो. आवाज मात्र या नियमाला बराचसा अपवाद आहे. पु. लं.नी केलेल्या अभिवाचनांच्या ध्वनिफिती आजही ऐकल्या जातात, कारण विरामाची जागा, सूर चढवणे, मध्येच थांबून दिलेला ठसका हे कागदावर उतरत नाही. आणि जी सोय एके काळी फक्त नामवंतांना होती ती आता प्रत्येक घरातील मोबाइलमध्ये आहे. आजीने पाठवलेले, चुकून दाबले गेल्यामुळे अर्धवट राहिलेले आणि मागे कुकरच्या शिट्ट्या असलेले ध्वनिसंदेश जागा अडवतात म्हणून पुसून टाकण्याची घाई करू नये.

नोंद करताना मतभेद मिटवण्याचा खटाटोपही टाळावा. एकच किस्सा मोठा भाऊ एका तऱ्हेने आणि धाकटी बहीण दुसऱ्या तऱ्हेने सांगते, तेव्हा खरे कोणते हे ठरवण्यापेक्षा दोन्ही लिहून घेणे शहाणपणाचे असते. हौशी माणसाने तो किस्सा स्वतःच दर वेळी निराळा सांगितलेला असण्याची शक्यता भरपूर आहे. कोणाच्या मर्मावर बोट ठेवणारी थट्टा असेल, तर ती ज्याला लागली त्याचीही बाजू नोंदवावी, कारण सगळ्या मांडवाला हसवणाऱ्याने मांडवातील एखाद्याला रडवलेलेही असते आणि ते एक माणूस वर्षानुवर्षे गप्प राहिलेले असते. आणि या नोंदीत त्या माणसाचे पूर्ण नाव, जन्मगाव व साल यांसारखे कोरडे तपशील जरूर घालावेत, कारण तीन पिढ्यांनी वाचणाऱ्याला बापूमामा म्हणजे कोणाचे कोण, हे त्याशिवाय कळणार नाही.

पितृपक्षात किंवा दिवाळीत घरातील चार पिढ्यांपैकी दोन-तीन तरी एका छपराखाली येतात. ज्यांनी त्या हसऱ्या माणसाला तरुणपणी पाहिले ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना ऐकू कमी येत असले तरी सांगायला भरपूर आहे, आणि त्यांना विचारायचे ते या वर्षीच विचारून घ्यावे.